गावाचे मन आणि उपचारांची साखळी

(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त योजलेल्या व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाची संहिता)



शंभर वर्षे पुरी करणाऱ्या ग्रंथालयाच्या व्यासपीठावरून साहित्याविषयी, इतिहासाविषयी किंवा भाषेविषयी बोलले जावे, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. आजचा विषय वरकरणी त्याहून निराळा आहे. खेड्यापाड्यांतील मनोरुग्णांपर्यंत उपचार कसे पोहोचावेत, आणि त्यासाठी संस्थांनी, जिल्ह्यांनी, प्रसंगी शेजारच्या राज्यांनीही एकमेकांना हात कसा द्यावा, हा तो विषय होय. परंतु थोडा विचार केला तर हाही विषय अखेर शब्दांचाच आहे. शरीराच्या आजारात नाडी बोलते, रक्ताची तपासणी बोलते, क्ष-किरणांचे चित्र बोलते. मनाच्या आजारात रुग्णाने सांगितले आणि कोणी ते ऐकून घेतले, तरच आजार कळतो. ज्या वास्तूने शंभर वर्षे शब्दांची जपणूक केली, तिथे हा विषय परका वाटू नये.

खेड्यांत या आजारांना नावे नाहीत असे नाही. उलट नावे पुष्कळ आहेत. 'बाहेरचे आहे', 'कोणीतरी केले आहे', 'डोक्यावर परिणाम झाला', 'मनाला लावून घेतले', 'जीव कशात रमत नाही'. यांतील काही नावे माणसाला देवऋष्याकडे नेतात, काही घराच्या कोपऱ्यात बसवतात. दवाखान्याची वाट दाखवणारे नाव त्यांत सहसा नसते. सुशिक्षितांनी यावर हसण्याचे कारण नाही. सरकारच्या कायद्यालाही योग्य नाव सापडायला शतक लागले. १९१२ साली झालेला कायदा 'इंडियन लूनसी ॲक्ट', म्हणजे सरळसरळ वेडेपणाचा कायदा होता. १९८७ साली त्याच्या जागी मानसिक आरोग्याचा कायदा आला, आणि २०१७ साली मानसिक आरोग्यसेवेचा. कायद्याच्या नावात 'सेवा' हा शब्द येण्यास एकशे पाच वर्षे जावी लागली.

प्रश्न नेमका कुठे अडतो, हे समजण्यासाठी एक उदाहरण कल्पनेने डोळ्यांपुढे आणावे. कोल्हापूर जिल्ह्याच्या चंदगड तालुक्यातील एखाद्या वाडीवरचा बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा. वर्षभरापासून तो कामावर जात नाही, एकटाच पुटपुटतो, रात्र रात्र जागतो, आपल्याविषयी लोक काही कट करीत आहेत असे म्हणतो. घरच्यांनी आधी देवाधर्माचे केले. त्यात सहा महिने गेले. मग कोणी सांगितले म्हणून ते त्याला बेळगावला घेऊन आले. कारण चंदगडकरांना कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळ. तिथून धारवाडच्या मनोरुग्णालयात जाण्याचा सल्ला मिळाला. मुलगा एकटा जाऊ शकत नाही, म्हणून बरोबर बाप आणि चुलता. तिघांचे गाडीभाडे, दोघांच्या दोन दिवसांच्या मजुरीचे खाडे. तिथल्या डॉक्टरांनी मनापासून तपासले, औषधे दिली, महिन्याने परत यायला सांगितले. औषधाने गुण आला. मुलगा झोपू लागला, जेवू लागला. दुसऱ्या महिन्यात भात लावणी आली. आता बरा आहे, असे म्हणून औषध थांबले. चार महिन्यांनी सारे मूळपदावर, किंबहुना अधिकच वाईट. आता गावाचाही निर्णय पक्का झाला, की दवाखान्याने काही होत नाही.

या गोष्टीत कोणीही दुष्ट नाही. बाप मायाळू आहे, डॉक्टर जाणकार आहेत, औषध गुणकारी आहे. वाडीजवळ प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, तिथे वैद्यकीय अधिकारी आहेत, गावात आशा कार्यकर्ती आहे. परंतु धारवाडच्या केसपेपरची माहिती त्या आरोग्य केंद्राला नाही, आणि आरोग्य केंद्राचे अस्तित्व धारवाडच्या डॉक्टरांच्या लेखी नाही. मधे जिल्ह्याची हद्द आहे, राज्याची हद्द आहे, आणि भाषेचीही. साखळीच्या साऱ्या कड्या जागच्या जागी आहेत. त्या एकमेकींत अडकवलेल्या मात्र नाहीत. ग्रामीण मानसिक आरोग्याचा प्रश्न मुख्यतः हा आहे, आणि गेल्या पन्नास वर्षांतील उत्तम प्रयोगांनी जे साधले तेही या कड्या अडकवण्याचेच काम होय.

त्या प्रयोगांकडे वळण्यापूर्वी मागील परिस्थिती पाहिली पाहिजे. इंग्रजी अमदानीत मनोरुग्णांसाठी जी व्यवस्था झाली ती आश्रयगृहांची, म्हणजे उंच भिंतींची. ठाणे, येरवडा, रत्नागिरी, नागपूर, धारवाड येथील मनोरुग्णालयांचा उगम त्याच परंपरेतला. या संस्थांनी अनेकांना आसरा दिला हे खरे. पण त्यांची संख्या गरजेच्या मानाने नगण्य होती. १९४६ साली भोर समितीने आपल्या अहवालात दाखवून दिले, की हिंदुस्थानात सुमारे ४०,००० लोकसंख्येमागे मनोरुग्णालयातील एक खाट आहे, तर इंग्लंडमध्ये ३०० लोकांमागे एक. ही तूट खाटा वाढवून भरून निघणे आपल्या देशाच्या आवाक्याबाहेरचे होते. दुसरा मार्ग शोधणे भाग होते.

त्या मार्गाचा पहिला ठळक संकेत पंजाबातून मिळाला. १९५०च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकून राहू दिले. आजार काय आहे, औषध का घ्यावयाचे, घरी गेल्यावर कसे वागावयाचे, हे त्या नातेवाइकांना रुग्णाच्या सोबतच समजत गेले. पाश्चात्त्य देशांत ज्या काळी रुग्ण आणि कुटुंब यांची ताटातूट हीच रीत होती, त्या काळी हे घडले. कुटुंब ही पहिली कडी होय, ही गोष्ट भारतीय मनोवैद्यकाने तिथे ओळखली.

पुढचे पाऊल १९७५च्या सुमारास पडले. बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेने, म्हणजे सर्वपरिचित निम्हान्सने, शहराजवळच्या सकलवारा या खेड्यात सामुदायिक मनोवैद्यकाचे केंद्र चालवले. त्याच सुमारास चंदीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेने डॉ. एन. एन. विग यांच्या मार्गदर्शनाखाली हरयाणातील रायपूर रानी या भागात काम सुरू केले. रायपूर रानीचा प्रयोग जागतिक आरोग्य संघटनेच्या सात देशांतील अभ्यासाचा भाग होता. त्या अभ्यासातून एक गोष्ट पुढे आली. भारत, कोलंबिया, फिलिपिन्स आणि सुदान या चार देशांत साध्या प्राथमिक दवाखान्यात येणाऱ्या रुग्णांची पाहणी केली, तेव्हा त्यांतील सुमारे १४ टक्के लोकांना मानसिक आजार असल्याचे आढळले. ही माणसे डोकेदुखी, अशक्तपणा, छातीत धडधड, झोप न येणे अशा तक्रारी घेऊन येत होती. म्हणजे मनोरुग्ण दवाखान्यात येतच होता. त्याला ओळखणारे तिथे कोणी नव्हते.

या अनुभवांच्या आधारे ऑगस्ट १९८२मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम स्वीकारला गेला. मानसिक उपचार हे सर्वसाधारण आरोग्यसेवेतच मिसळून द्यावेत, हे त्याचे सूत्र. सूत्र सांगणे सोपे. ते एका संपूर्ण जिल्ह्यात चालवून दाखवणे अवघड. ते काम बळ्ळारीने केले.

बळ्ळारी जिल्हा या भागातील मराठी वाचकास अगदीच अपरिचित नाही. घोरपड्यांचे संडूर संस्थान आज याच जिल्ह्यात मोडते. हा जिल्हाही सीमेवरचाच. १९५३ साली आंध्र राज्य झाले तेव्हा त्याचे तुकडे पडले. अदोनी, आलूर, रायदुर्ग हे तालुके आंध्रात गेले आणि उरलेला भाग म्हैसूर राज्यात आला. कानडी आणि तेलुगू या दोन्ही भाषा तिथल्या घराघरांत आहेत. १९८१च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे १५ लाख, पाऊस बेताचा, आणि बंगळूर तीनशे किलोमीटरहून दूर. अशा जिल्ह्याची निवड झाली, हेच महत्त्वाचे; कारण राजधानीच्या सावलीत यशस्वी होणारा प्रयोग दूरच्या खेड्यांना फारसे काही शिकवीत नाही.

१९८५ ते १९९० या काळात निम्हान्स, कर्नाटकाचे आरोग्य खाते आणि जिल्हा प्रशासन यांनी मिळून हे काम केले. डॉ. आर. श्रीनिवास मूर्ती, डॉ. मोहन आयझॅक आदी निम्हान्समधील मनोविकारतज्ज्ञांचा त्यात पुढाकार होता. त्याची रचना ध्यानात घेण्यासारखी आहे. नवे रुग्णालय बांधले नाही. प्रत्येक खेड्यात मनोविकारतज्ज्ञ नेमला नाही, नेमणे शक्यही नव्हते. प्राथमिक आरोग्य केंद्रांतील डॉक्टरांना अल्पकालीन प्रशिक्षण देण्यात आले. घरोघर फिरणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांना काही ठळक लक्षणे शिकवली गेली: असंबद्ध बोलणे, उगाच संशय घेणे, कशातही रस न उरणे, फिट येणे, मुलाची वाढ वयाच्या मानाने मागे पडणे. अपस्मार हा वस्तुतः मेंदूचा आजार. पण खेड्यांत त्याचाही संबंध भुताखेतांशी जोडला जातो, म्हणून त्यालाही या कार्यक्रमात स्थान मिळाले. औषधे मोजकीच, पाच-सहा: क्लोरप्रोमाझिन, अमिट्रिप्टिलिन, फिनोबार्बिटोन, महिन्यातून एखाद-दुसऱ्या वेळी द्यावयाचे फ्लुफेनाझिनचे इंजेक्शन, अशी. ती आरोग्य केंद्रातच मिळण्याची सोय केली. नोंदीचे कागद साधे ठेवले.

या साऱ्याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी एक मानसिक आरोग्य पथक होते. आरोग्य केंद्रांकडून नियमित अहवाल येत. अडलेला रुग्ण वर पाठवला जाई, आणि सुधारलेला रुग्ण औषधांच्या सूचनेसह खाली, त्याच्या गावाजवळच्या केंद्राकडे परत येई. खेड्यातला डॉक्टर चुकला तर विचारायला माणूस होता, आणि तो विसरला तर आठवण करून देणाराही होता. बळ्ळारीने जगापुढे ठेवले ते औषध नव्हे. औषध तर आधीपासून होते. ज्येष्ठ तज्ज्ञापासून घरोघरच्या कर्मचाऱ्यापर्यंत आणि तिथून परत तज्ज्ञापर्यंत जाणारी-येणारी अखंड वाट, हे बळ्ळारीचे देणे.

या धर्तीवर १९९६ साली केंद्र सरकारने जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू केला. प्रथम चार जिल्हे, २००२पर्यंत २७, आणि आज सातशेहून अधिक जिल्ह्यांसाठी तो मंजूर झालेला आहे. आकड्यांचा हा प्रवास अभिमानास्पद खराच. परंतु बळ्ळारीचा आराखडा जितक्या सहजपणे पसरला तितक्या सहजपणे बळ्ळारीची सवय पसरली नाही. अनेक जिल्ह्यांत मनोविकारतज्ज्ञाचे पद रिकामे राहिले. प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरांच्या बदल्या झाल्या. औषधांचा पुरवठा अधूनमधून खंडित झाला. प्रशिक्षण झाले, पण पाठोपाठ यावयाची देखरेख आली नाही. शिकवलेले विसरायला फार काळ लागत नाही, हे कोणताही शिक्षक सांगेल.

साखळी तुटली म्हणजे काय होते, याची आठवण ६ ऑगस्ट २००१ या दिवसाने कायमची करून ठेवली आहे. तामिळनाडूच्या रामनाथपुरम जिल्ह्यातील एरवाडी येथे, दर्ग्याच्या परिसरात चालणाऱ्या एका खासगी आश्रयगृहाला पहाटे आग लागली. तिथे ठेवलेल्या मनोरुग्णांपैकी २८ जण मृत्युमुखी पडले. त्यांना पळता आले नाही, कारण ते साखळदंडांनी बांधलेले होते. त्यांच्या नातेवाइकांनी त्यांना तिथे पाठवले ते बहुधा क्रूरतेने नव्हे. त्यांच्या गावाजवळ दुसरे कोणतेही दार उघडे नव्हते म्हणून. २०१७च्या कायद्याच्या ९५व्या कलमाने मनोरुग्णास कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास बंदी केली. पण कायदा बेडी काढू शकतो. बेडी काढलेल्या माणसाला सांभाळणारी दुसरी साखळी समाजानेच जोडावी लागते.

प्रश्न किती मोठा आहे, हे निम्हान्सने २०१५-१६मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीने दाखवले. प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना पाहणीच्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार होता, आणि निरनिराळ्या आजारांचा विचार करता ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांविना होते. इतक्यांना पुरेसे मनोविकारतज्ज्ञ नजीकच्या काळात तयार होणे नाही. मग हे काम आणखी कोणाला करता येईल?

या प्रश्नाचे उत्तर शेजारच्या गोव्यात शोधले गेले. गोमंतकाचा मनाच्या शास्त्राशी संबंध जुना आहे. पणजीत जुन्या सचिवालयाजवळ आबे फारिया यांचा पुतळा आहे. बारदेशातील कांदोळी येथे १७५६ साली जन्मलेल्या या धर्मोपदेशकाने पॅरिसमध्ये असे प्रतिपादन केले, की संमोहनाची निद्रा प्रयोगकर्त्याच्या अंगच्या कोणत्याही गूढ शक्तीने येत नाही. शब्दांनी दिलेल्या सूचनेमुळे समोरच्याच्याच मनात ती उद्भवते. शब्दाला उपचाराची शक्ती आहे, हे त्या काळी सांगणारा हा गोवेकर होता.

त्याच गोव्यात १९९६ साली स्थापन झालेल्या 'संगाथ' या संस्थेने, डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, गोवा सरकारच्या आरोग्य खात्याच्या सहकार्याने 'मानस' नावाचा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१० साली 'लान्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. बारा सरकारी आरोग्य केंद्रे आणि बारा खासगी दवाखाने निवडले होते. त्यांतील निम्म्या ठिकाणी स्थानिक पदवीधर स्त्रियांना दोन महिन्यांचे प्रशिक्षण देऊन समुपदेशक म्हणून नेमले. वैद्यकाचे पूर्वशिक्षण त्यांना नव्हते. नैराश्य आणि चिंता यांनी ग्रासलेल्या रुग्णांशी बोलणे, आजार समजावून सांगणे, औषध चालू असेल तर ते थांबू न देणे, आणि परत न आलेल्याची चौकशी करणे, हे त्यांचे काम. त्यांच्या पाठीशी त्या केंद्राचे डॉक्टर, आणि डॉक्टरांच्या पाठीशी वेळोवेळी भेट देणारे मनोविकारतज्ज्ञ. सहा महिन्यांनंतर पाहता, सरकारी केंद्रांत समुपदेशक असलेल्या ठिकाणी असे आजार निश्चित झालेल्या रुग्णांपैकी ६५.९ टक्के बरे झालेले होते. समुपदेशक नसलेल्या ठिकाणी ४२.५ टक्के. खासगी दवाखान्यांत मात्र असा फरक आढळला नाही. हा दुसरा निष्कर्षही झाकून ठेवू नये. तो बोधप्रदच आहे. जिथे गर्दी अधिक, डॉक्टरांना वेळ कमी, आणि येणारा माणूस गरीब, तिथे ऐकून घेणाऱ्या एका माणसाची किंमत सर्वांत मोठी ठरली.

विदर्भातील अनुभव याला पूरक आहे. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी होरपळलेल्या अमरावती जिल्ह्यातील तीस खेड्यांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम चालवण्यात आला. इथे दवाखान्यात वाट पाहत न बसता कार्यकर्ते गावात गेले, लहान लहान बैठका घेतल्या, नैराश्य म्हणजे काय ते लोकांच्या बोलीत सांगितले. कार्यक्रमापूर्वी नैराश्य असलेल्यांपैकी ४.३ टक्के लोकच उपचारांसाठी कोणाकडे गेलेले होते. कार्यक्रमानंतर हे प्रमाण २७.२ टक्के झाले. सहापट वाढ ही मोठीच. तरीही सुमारे तीन चतुर्थांश माणसे बाहेरच राहिली, हे विसरून चालणार नाही. अशाच विचाराने पुण्यातील एका संस्थेने 'आत्मीयता' हा उपक्रम नाशिक जिल्ह्यात सुरू केला आणि पुढे तो गुजरातेतील मेहसाणा जिल्ह्यात नेला. गावातीलच विश्वासाची माणसे निवडून त्यांना दुःखी माणसाशी कसे बोलावे आणि केव्हा त्याला डॉक्टरांकडे न्यावे, हे शिकवणे, हा त्याचा गाभा. महाराष्ट्रात उगवलेली कल्पना गुजरातेत, गुजराती बोलणाऱ्या माणसांच्या हाती फोफावते, ही गोष्ट सीमेवरच्या लोकांनी विशेष लक्षात घ्यावी.

येथवरचे सारे प्रयोग एका जिल्ह्यापुरते किंवा एका राज्यापुरते आहेत. सीमाभागाचा प्रश्न त्यापुढे जातो. बळ्ळारीने आरोग्य केंद्र आणि जिल्हा जोडला, गोव्याने समुपदेशक आणि डॉक्टर जोडले, अमरावतीने गाव आणि उपचार जोडले. चंदगड आणि धारवाड, खानापूर आणि बांबोळी, निपाणी आणि कोल्हापूर यांना जोडणे अजून बाकी आहे. आजारी माणूस नकाशा पाहून प्रवास करीत नाही. तो एसटी जिकडे जाते आणि ओळखीचे माणूस जिथे असते तिकडे जातो. सीमेचा वाद आपल्या जागी आहे आणि तो योग्य त्या ठिकाणी चालेल. पण तोवर कोणाचे औषध थांबता कामा नये.

२०१७च्या कायद्याने एक बळकट आधार दिलेला आहे. अठराव्या कलमाने मानसिक आरोग्यसेवा मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरवला. बाविसाव्या कलमानुसार रुग्णाला त्याच्या आजाराची आणि उपचारांची माहिती त्याला समजेल अशा भाषेत आणि अशा रीतीने मिळाली पाहिजे. संमतीबाबतही कायदा तेच सांगतो. हा भाषेच्या अस्मितेचा मुद्दा नाही, उपचाराचा आहे. 'जीव घाबरतो', 'जीव उडाला', 'जीव नकोसा झाला' या तीन वाक्यांतील फरक ज्याला कळत नाही, त्याच्या हातून निदान चुकण्याचा संभव आहे, आणि तिसऱ्या वाक्याच्या बाबतीत ती चूक जिवावर बेतणारी आहे. हेच कानडी, कोकणी, उर्दू बोलणाऱ्या रुग्णांबाबतही तितकेच खरे. कोल्हापुरात वा सांगलीत उपचारांस येणाऱ्या कानडी माणसालाही कानडीतून ऐकणारे कोणी हवेच.

यासाठी फार मोठ्या खर्चाच्या योजना लागणार नाहीत. लगतच्या जिल्ह्यांच्या मानसिक आरोग्य पथकांनी ठरावीक काळाने एकत्र बसावे, आणि एकमेकांच्या हद्दीतील रुग्णांच्या नावांची, त्यांच्या संमतीने व गुप्तता पाळून, देवाणघेवाण करावी. रुग्णाला घरी पाठवताना त्याच्या हाती एक चिठ्ठी द्यावी: आजार, औषध, मात्रा, पुढची तारीख, आणि संपर्काचा दूरध्वनी. ती इंग्रजीबरोबरच त्याच्या भाषेतही असावी, आणि ती पाहून त्याच्या गावाजवळच्या केंद्राने औषध द्यावे, मग ती चिठ्ठी कोणत्याही राज्याची असो. सीमेवरच्या केंद्रांतील आशा कार्यकर्त्यांना दोन्ही भाषांतील साहित्य मिळावे. हे सारे बळ्ळारीत एका जिल्ह्याच्या आत घडलेलेच आहे; ते हद्दीपलीकडे नेणे एवढेच उरते. १० ऑक्टोबर २०२२पासून सुरू झालेल्या 'टेलि-मानस' या सरकारी सेवेने त्याची थोडी वाट मोकळी केली आहे. १४४१६ या क्रमांकावर देशाच्या कोणत्याही भागातून, मराठीसह वीस भाषांत बोलता येते. दूरध्वनीच्या तारेला तालुक्याची हद्द ठाऊक नसते. तरीही ज्याला असा क्रमांक आहे हेच माहीत नाही, त्याच्या दृष्टीने तो नसल्यासारखाच.

आणि इथे ग्रंथालयाचा संबंध येतो. वाचनाने मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काय घडू शकते, याचे ठळक उदाहरण मराठीत आहे. १९८०च्या दशकात डॉ. अनिल अवचट यांनी गर्दच्या व्यसनात अडकलेल्या तरुणांविषयी लिहिले. ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले, आणि त्यांनी दिलेल्या देणगीतून, डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने, १९८६ साली पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले. लेख लिहिला गेला, तो वाचला गेला, आणि वाचणाऱ्याने तो मिटवून ठेवला नाही. एवढ्यातून हजारो घरांचा आधार झाला.

प्रत्येक लेखातून मुक्तांगण उभे राहणार नाही. पण गावोगावच्या जुन्या वाचनालयांना काही गोष्टी खचितच करता येतील. मानसिक आजारांवरील सोपी, शास्त्रशुद्ध पुस्तके दर्शनी कपाटात असावीत. ती मागताना सभासदाला मान खाली घालावी लागू नये. सूचना-फलकावर १४४१६ हा क्रमांक आणि जवळच्या आरोग्य केंद्रातील उपचारांचा वार कायम लिहिलेला असावा. महिन्यातून एक सायंकाळ रुग्णांच्या नातेवाइकांना एकत्र बसण्यासाठी एक खोली मोकळी ठेवावी. मनोरुग्णाची आई दुसऱ्या मनोरुग्णाच्या आईशी जे बोलते, ते ती डॉक्टरांशीही बोलत नाही. शेजारच्या कानडी व कोकणी ग्रंथालयांशी मिळून एखादी माहितीपुस्तिका सर्व भाषांत काढावी. ग्रंथालयात शांतता पाळण्याची शिस्त असते. ऐकण्याची पहिली अट तीच आहे. आणि वाचनालयात येणाऱ्याला कोणी 'कशाला आलास' म्हणून विचारीत नाही, हे या वास्तूचे मोठेपण मनोरुग्णाच्या घरच्यांना दवाखान्याच्या पायरीपेक्षाही अधिक जवळचे वाटू शकते.

चंदगडच्या त्या कल्पित मुलाकडे शेवटी पुन्हा वळावे. त्याला दुसऱ्यांदा आजार उलटला, तिथे गोष्ट थांबली होती. ती तिथेच संपावी असे नाही. धारवाडची चिठ्ठी त्याच्या गावच्या आरोग्य केंद्राने वाचली असती, लावणीच्या दिवसांत आशा कार्यकर्तीने दारावरून जाताना 'गोळी चालू आहे ना?' एवढेच विचारले असते, तर गोष्ट निराळी झाली असती. त्या एका प्रश्नामागे बळ्ळारीची शिस्त आहे, गोव्याचा अनुभव आहे, कायद्याचे बळ आहे. प्रश्न विचारणारे माणूस मात्र गावाने आणि शेजारच्या गावांनी मिळून उभे करायचे आहे. शंभर वर्षांपूर्वी काही सामान्य माणसांनी वर्गणी गोळा करून पुस्तके एकत्र आणली, म्हणून हे ग्रंथालय उभे राहिले. तीच रीत या कामालाही पुरेशी आहे. ग्रंथालयाच्या दुसऱ्या शतकास मनःपूर्वक शुभेच्छा.